'रॅप'चा कागदी डाव: प्रकल्पाच्या नोंदी, अमळनेर

६ एप्रिल २०२५

आखाजी (अक्षय तृतीया) यंदा ३० तारखेला आहे. ताई दोन्ही पोरांना घेऊन शिरपूरहून येणार आणि तिनं आत्ताच फोनवर सांगून टाकलंय की सुट्टीत मोबाईल नाही म्हणजे नाही. भाचा आणि भाची दोघंही पोकेमॉन या व्हिडिओ गेमचे पक्के वेडे, मग ठरवलं की पोकेमॉनची लढाई कागदावर खेळता येईल असा डाव तयार करायचा. पत्ते, दोन नाणी, पेन्सिल, खोडरबर, बस. लाईट गेली तरी ओट्यावर बसून खेळता आलं पाहिजे.

पण नुसता मारामारीचा डाव नकोय मला. तू मार, मी मारतो, ज्याचा एचपी (म्हणजे जीव) आधी संपला तो हरला, असला डाव पोरं दोन दिवसात सोडून देतात. मला त्यात आणायचेत ते पकडून ठेवणारे हल्ले. रॅप, बाइंड, फायर स्पिन, क्लॅम्प ही जुनी चौकडी, आणि नंतर आलेले व्हर्लपूल, सँड टूम, मॅग्मा स्टॉर्म, इन्फेस्टेशन, स्नॅप ट्रॅप, थंडर केज. आकड्यात बघितलं तर रॅप म्हणजे काहीच नाही, पॉवर फक्त १५, कोणी बघणार पण नाही त्याच्याकडे. तरी अख्ख्या सिरीजमध्ये मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी मूव्ह हीच आहे, कारण ती समोरच्याचा एचपी कमी खाते आणि त्याचे पर्याय जास्त खाते.

९ एप्रिल

आज नियम लिहून काढले, सुरुवात पहिल्या जनरेशनपासून, म्हणजे गेमच्या पहिल्या पिढीपासून. रेड आणि ग्रीन जपानात २७ फेब्रुवारी १९९६ ला आले, त्या गेममधला रॅप आजच्या रॅपसारखा नाहीच.

तेव्हा काय व्हायचं तर रॅप लागला की २ ते ५ टर्न (पाळ्या) चालायचा, आणि तेवढ्या वेळात समोरचा हल्लाच करू शकत नव्हता. पहिल्या फटक्याला जेवढं नुकसान झालं तेवढंच पुढच्या प्रत्येक टर्नला, नव्यानं हिशोब नाही. समोरचा फक्त एक करू शकत होता, आपला पोकेमॉन बदलायचा, म्हणजे स्विच. पण स्विच केलं की येणाऱ्या नव्यावर रॅप आपोआप परत सुरू.

आणि वेगाचं गणित फार महत्त्वाचं. रॅप करणारा वेगवान असेल तर त्याचा रॅप संपतो त्या टर्नलाही समोरच्याला हालता येत नाही, आणि पुढच्या टर्नला हा वेगवान असल्यामुळे परत आधी रॅप करतो. म्हणजे नेम चुकेल तेव्हाच समोरच्याला संधी. उलट रॅप करणारा हळू असेल तर दोन रॅपच्या मधे समोरच्याला एक टर्न मिळतोच. म्हणूनच त्या काळी ड्रॅगनाइटनं आधी अ‍ॅजिलिटी करून वेग दुप्पट करायचा आणि मग रॅप लावत बसायचं ही चाल गाजली. रॅपिडॅश आणि मॉल्ट्रेसचं पण तेच, अ‍ॅजिलिटी आणि मग फायर स्पिन.

१३ एप्रिल

आजचं काम झालं त्यानं मन एकदम खूश झालंय.

२ ते ५ टर्न म्हणजे चारही आकडे सारखेच येतात असं नाही. गेमच्या कोडमध्ये असं केलंय: ० ते ३ मधला एक आकडा काढायचा, तो ० किंवा १ आला तर तोच ठेवायचा, २ किंवा ३ आला तर परत एकदा काढायचा आणि जो येईल तो घ्यायचा. त्यात २ मिळवले की एकूण टर्न. म्हणून २ टर्न येण्याची शक्यता ३७.५ टक्के, ३ ची पण ३७.५, आणि ४ ची १२.५, ५ ची १२.५. सरासरी बरोबर ३ टर्न.

हे कागदावर कसं आणायचं? फाशानं नाही जमत. पण दोन नाणी घेतली, एक पाच रुपयाचं एक एक रुपयाचं, की चार शक्यता झाल्या, म्हणजे कोडमधलेच ० ते ३. पाचाचं नाणं छापा आलं तर तिथंच निकाल: रुपया छापा तर २ टर्न, काटा तर ३. पाचाचं काटा आलं तर दोन्ही नाणी परत उडवायची, आणि आता चारही निकाल चालतात, छापा-छापा २, छापा-काटा ३, काटा-छापा ४, काटा-काटा ५. झालं! गेम बॉयच्या (हे गेम ज्यावर खेळायचे ते यंत्र) आत जे चालायचं तेच अगदी टक्क्यापर्यंत तंतोतंत ओट्यावर, दोन नाण्यांत. जवळपास नाही, तंतोतंत. मला हे इतकं आवडलं की रात्री आईला पण उडवून दाखवलं, तिनं दोनदा पाच टर्न पाडले.

१४ एप्रिल

ही नोंद डावासाठी नाही, पण लिहून ठेवतो कारण भाच्याला सांगायची आहे.

पीपी म्हणजे मूव्ह अजून किती वेळा वापरता येईल तो आकडा. पहिल्या जनरेशनमध्ये रॅपचा शेवटचा पीपी वापरला, आता पीपी ०, आणि रॅप चालू असताना समोरच्यानं स्विच केलं तर गेम आपोआप नवीन रॅप सुरू करतो आणि पीपीतून १ वजा करतो, शिल्लक आहे का नाही ते न बघता. आणि पीपी होतो ६३! का, तर एका मूव्हचा पीपी एका बाइटमध्ये ठेवलाय, आठ बिट, त्यातले खालचे सहा बिट चालू पीपीसाठी आणि वरचे दोन पीपी-अप (पीपी वाढवणारी वस्तू) किती दिलेत त्यासाठी. शून्यातून एक गेला की आठही बिट १ होतात. खालचे सहा सगळे १ म्हणजे ६३, वरचे दोन सगळे १ म्हणजे ३ पीपी-अप, फुकटात. एवढ्याशा मेमरीत १५१ पोकेमॉन आणि त्यांच्या सगळ्या मूव्ह बसवायच्या म्हणून एकेक बिट वाचवलेला, आणि त्याच काटकसरीतून हे निघालं. कॉम्प्युटर आत कसा मोजतो हे शिकवायला याच्याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. कागदावर मात्र पीपी ० म्हणजे ०.

१८ एप्रिल

नेम लागला का चुकला हे कसं ठरवायचं, यावर दोन दिवस गेले. जुने आकडे: रॅप ८५ टक्के, बाइंड ७५, क्लॅम्प ७५, फायर स्पिन ७०. फाशानं सहापैकी पाच म्हणजे ८३.३, चालून गेलं असतं, पण नाण्यांचं इतकं चोख जमल्यावर मला हे सुद्धा चोखच पाहिजे होतं.

मग लक्षात आलं की डावात घ्यायच्या सगळ्या मूव्हची अचूकता ५ च्या पटीत आहे, ७०, ७५, ८५, ९०, १००. म्हणजे २० पानं पाहिजेत फक्त. इस्पिकचा एक्का ते दश्शी म्हणजे १ ते १०, बदामचा एक्का ते दश्शी म्हणजे ११ ते २०. गड्डी पिसायची, एक पान ओढायचं, रॅपला १७ पर्यंत लागला, बाइंडला १५ पर्यंत, फायर स्पिनला १४ पर्यंत. पान परत गड्डीत. आखाजीला घरात पत्त्यांचा कॅट असतोच, विकत आणायची पण गरज नाही.

(गेम बॉयमध्ये हे २५६ वर मोजायचे, ८५ टक्के म्हणजे खरं २१६ भागिले २५६, थोडं कमी भरतं. तेवढं सोडलं.)

कार्डं जुन्या लग्नपत्रिकांची कापली, जाड कागद आहे, मागची बाजू कोरी असते. प्रत्येक पोकेमॉनला ४८ एचपी, म्हणजे ४८ चौकोन. का ४८ ते नंतर लिहितो. नुकसान म्हणजे पॉवर भागिले ५, रॅपचे ३ चौकोन, क्लॅम्पची पॉवर ३५ म्हणून ७.

२२ एप्रिल

पोरं यायच्या आधी जुन्या नियमाचा हिशोब मांडून बघितला. वेगवान रॅपवाला, ८५ टक्के नेम, एकदा सुरू झाला की चुकेपर्यंत सरासरी किती रॅप लागतात? ०.८५ भागिले ०.१५, म्हणजे साधारण ५.६७. एका रॅपला सरासरी ३ टर्न, म्हणजे १७ टर्न. १७ गुणिले ३ चौकोन, ५१. आणि कार्डावर एचपी आहे ४८!

म्हणजे १५ पॉवरची मूव्ह, जिच्याकडे कोणी बघत नाही, ती समोरच्याला एकही चाल करू न देता सरासरीनं अख्खा पोकेमॉन संपवते. तेच फायर स्पिनचं बघा, नेम ७०, म्हणजे ०.७ भागिले ०.३, २.३३ वेळा, ७ टर्न, २१ चौकोन. अचूकतेत फरक फक्त १५ टक्क्यांचा आणि कैदेत फरक दहा टर्नचा. पॉवर तर दोघांची सारखीच होती तेव्हा, १५.

३० एप्रिल

आखाजी. सकाळी घागर भरली, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. बायका झोक्यावर, माणसं पत्त्यावर. माझी २० पानं कॅटमधून आधीच काढून ठेवली होती, त्यावरून काकांनी आरडाओरडा केला, शेवटी नवीन कॅट आणला.

२ मे

आज जुन्या नियमानं मुद्दाम खेळवलं. भाच्याकडे ड्रॅगनाइट, भाचीकडे अर्बोक, अर्बोककडे पण रॅप आहेच आणि मूळ वेगही ड्रॅगनाइटइतकाच. भाच्यानं अ‍ॅजिलिटी केली, मग रॅप, पान ९, लागला. नाणी, ३ टर्न. परत रॅप, लागला, २ टर्न. परत. भाची पेन्सिल घेऊन आपले चौकोन काळे करतेय, तिच्याकडे करायला दुसरं काहीच नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मामा, मी नुसती बठेल शे. मना नंबर कव्हय येई?"

मी म्हटलं स्विच करता येतं. तिनं स्विच केलं, आलेल्या निनटेल्सवर लगेच रॅप लागला. ती पेन्सिल ठेवून आजीजवळ जाऊन बसली.

भाच्याला खूप मजा आली हे पण खरंय. त्याला विचारलं की आता तू तिच्या जागी बस, तर बसला, आणि त्याच्या नशिबानं समोरून पहिलाच नेम चुकला, त्यामुळे त्याला काही ते कळलं नाही. दुसऱ्या डावात कळलं.

मला जे तपासायचं होतं ते मिळालं. खेळात हरणं पोरांना चालतं, भाची कॅरममध्ये रोज हरते आणि रोज बसते. आपली पाळीच न येणं चालत नाही.

३ मे

दुसऱ्या जनरेशनचा नियम लिहिला. गोल्ड आणि सिल्व्हर, २१ नोव्हेंबर १९९९. त्यांनी काय केलं बघा. रॅप लागलेला पोकेमॉन आता हल्ला करू शकतो, सगळ्या मूव्ह मोकळ्या. पण स्विच करू शकत नाही, पळू शकत नाही. आणि दर टर्नच्या शेवटी त्याच्या एकूण एचपीचा सोळावा भाग जातो. टर्न तेच, २ ते ५.

म्हणजे पूर्ण उलटं केलं! आधी हात बांधलेले आणि दार उघडं, आता हात मोकळे आणि दार बंद. पॉवर तीच १५, अचूकता तीच ८५, पण मूव्ह दुसरीच झाली. पहिल्यात रॅप समोरच्या खेळाडूला थांबवायचा, दुसऱ्यात पोकेमॉनला थांबवतो आणि खेळाडूला खेळू देतो. मला वाटतं अख्ख्या सिरीजमध्ये केलेल्या नियमबदलांतला हा सगळ्यात शहाणा बदल, आणि याच्याबद्दल फार कमी लोक बोलतात, सगळे बोलतात ते नवीन टाइप (पोकेमॉनचे आग, पाणी, गवत असे प्रकार) आणि दिवस-रात्रीबद्दल.

कारण दार बंद होणं ही काही छोटी शिक्षा नाही. पोकेमॉनच्या लढाईत अर्धी अक्कल स्विचमध्ये असते, समोर आगवाला आला की आपला गवतवाला काढून पाणीवाला आणायचा. ते बंद झालं की चुकीच्या जोडीत अडकलात, आणि आता त्या जोडीतून जे जमेल ते काढायचं. ही खरी कोंडी. संध्याकाळी या नियमानं खेळवलं तर भाचीचा गवतवाला व्हिनसॉर भाच्याच्या फायर स्पिनमध्ये सापडला, तिनं स्लीप पावडर टाकून त्याला झोपवला आणि कैदेत राहून जिंकली. ती जे ओरडली ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल.

७ मे

४८ का ते आज.

सोळावा भाग हा नियम पाचव्या जनरेशनपर्यंत चालला. पाचव्यात, म्हणजे २०१० च्या ब्लॅक-व्हाइटमध्ये, टर्न २ ते ५ चे ४ किंवा ५ झाले, आणि बाइंडिंग बँड नावाची वस्तू आली जी धरली की नुकसान आठवा भाग. सहाव्यात, २०१३ च्या एक्स-वायमध्ये, आठवा भाग हाच नेहमीचा नियम झाला आणि बँड असेल तर सहावा. ४८ ला १६ नं भाग जातो ३, ८ नं जातो ६, ६ नं जातो ८. म्हणजे कुठल्याही काळातला नियम लावा, पोरांना अपूर्णांक करावा लागत नाही. पहिल्यांदा ५० घ्यायचं मनात होतं, गोल आकडा म्हणून, पण ५० ला यातल्या एकानंही पूर्ण भाग जात नाही.

हिशोब असा येतो: जुन्या सोळाव्या भागानं २ ते ५ टर्न म्हणजे ६ ते १५ चौकोन. नव्या आठव्यानं ४ टर्नला २४, ५ टर्नला ३०. अर्धा पोकेमॉन! ग्रिप क्लॉ ही दुसरी वस्तू धरली तर पाचव्या जनरेशनपासून ७ टर्न पक्के, ४२ चौकोन. बँड धरला तर ५ टर्नला ४०. एका वेळी वस्तू एकच धरता येते, म्हणून लांब कैद का जड कैद हे आधी ठरवावं लागतं, आणि भाचा यावर जेवतानाही बोलत होता.

घरच्या डावाला हाच नियम घेतोय, एक्स-वायचा. ४ का ५ साठी एकच नाणं, छापा ४, काटा ५. माझी दोन नाण्यांची युक्ती जुन्या डावासाठी वेगळ्या पानावर राहील.

११ मे

कैदेतून सुटायचे रस्ते एका पट्टीवर लिहिले, ही पट्टी दोघांच्या मधे ठेवायची म्हणजे भांडण नको.

पकडणारा स्वतः मैदानातून गेला, हरून किंवा बदलून, की कैद संपली. रॅपिड स्पिन ही मूव्ह मारली की सुटला. शेड शेल ही वस्तू धरलेली असेल तर स्विच करता येतं. यू-टर्न आणि बॅटन पास या मूव्हनं निघता येतं. आणि एक्स-वायपासून घोस्ट टाइपला कोंडताच येत नाही, गेंगार इन्फेस्टेशनचं नुकसान खाईल पण वाटेल तेव्हा निघून जाईल. हा शेवटचा नियम पोरांना न समजावता समजला, भुताला कोण कोंडणार.

यात मला आवडतं ते हे की दार बंद केलं पण प्रत्येक दाराची एक किल्ली गेममध्ये कुठंतरी ठेवलीय, आणि ती आधीच खिशात घेऊन यावी लागते. टीम निवडतानाच विचार करावा लागतो.

मॅग्मा स्टॉर्मचं कार्ड पण आज केलं, हीट्रानची खास मूव्ह. ती आली तेव्हा पॉवर १२० आणि अचूकता ७०, नंतर अचूकता ७५ केली, मग पॉवर १०० केली. आमच्या हिशोबानं २० चौकोन आणि वर दर टर्नला ६. म्हणून पीपी ५ च ठेवलेत. हे कार्ड एका टीमला एकच.

१५ मे

भाच्यानं आज स्वतःच्या डोक्यानं एक चाल शोधली, मी काही सांगितलं नव्हतं. पेरिश साँग म्हणून मूव्ह आहे, ती ऐकली की तीनचा काउंट सुरू होतो आणि काउंट संपला की दोन्ही पोकेमॉन पडतात, वाचायचं असेल तर स्विच करायचं. तो म्हणाला, मामा, मी व्हर्लपूलनं कोंडलं आणि मग पेरिश साँग लावलं तर? ती स्विच करूच शकत नाही, मी शेवटच्या टर्नला निघून जातो.

ही खरोखरची, जगभरात खेळली जाणारी चाल आहे. आणि इथं कळतं की २०१० ला २ ते ५ चे ४-५ टर्न केले त्याचा परिणाम केवढा मोठा. जुन्या हिशोबात कैद दोन टर्नमध्येच सुटू शकायची, काउंट संपायच्या आत, तेव्हा ही चाल म्हणजे जुगार. चार टर्न पक्के झाल्यावर व्हर्लपूलच्या पाठोपाठ लगेच गाणं लावलं तर ती पूर्ण बसते. तो शेवटच्या टर्नला निघाला की कैद सुटते, पण त्या टर्नला भाचीनं कार्ड आधीच निवडून उलटं ठेवलेलं असतं, तेव्हा तिला दार बंदच होतं. म्हणून दोघांनी एकाच वेळी कार्ड उलटं ठेवून मग उघडायचं हा नियम आता पक्का लिहिला.

भाचीनं दोन डाव मार खाल्ला, मग टीममध्ये गेंगार घेतला. भाच्याची चाल बंद. त्यावर तो काय शोधतो ते बघायचंय.

१९ मे

स्टेशन रोडवर झेरॉक्स काढायला गेलो. दुकानदार म्हणे, "भाऊ, हाई काय छापी राह्यना तू?" त्याला दाखवलं, नाण्यांचा भाग त्यानं नीट ऐकून घेतला, आणि त्याच्या पोरासाठी एक सेट ठेवून घेतला.

सेटमध्ये आता नियमाचं एक पान, सुटकेची पट्टी, जुन्या डावाचं वेगळं पान (मोठ्यांसाठी, आणि दोघांनी आधी कबूल केलं असेल तरच), आणि पोकेमॉनची कार्डं. गॅलरच्या स्टनफिस्कचं स्नॅप ट्रॅप घेतलंय, पॉवर ३५, नेम १००, भाचीचं सध्या सगळ्यात आवडतं. रेजिएलेकीचं थंडर केज पण, ८० आणि ९०. क्लॅम्प स्वॉर्ड-शील्डपासून वापरता येत नाही, तरी आमच्या सेटमध्ये ठेवलंय, क्लॉयस्टरला त्याच्याशिवाय मी बघूच शकत नाही.

राहिलंय ते ऑक्टोलॉक. ग्रॅपलॉक्टची मूव्ह, ती नुकसान करतच नाही, कोंडते आणि दर टर्नला डिफेन्स आणि स्पेशल डिफेन्स एकेक पायरी उतरवते. आमच्या कार्डांवर डिफेन्सच नाही, नुसते चौकोन आहेत. एक विचार असा की दर टर्नला त्याच्यावर पडणाऱ्या फटक्यात २ चौकोन वाढवायचे, पण मग किती टर्नला थांबायचं, कारण ही कैद रॅपसारखी आपोआप संपत नाही, ऑक्टोलॉक करणारा मैदानात आहे तोवर चालते. ताई २५ ला परत जाणार, त्याच्या आधी हे खेळून बघायचंय.